तुकडे, पोच आणि ताळा : मोठ्या फायली क्लाउडवर चढविण्यासंबंधी काही विचार

आमच्या विभागातील बोली-सर्वेक्षणाच्या कामात गेल्या काही वर्षांत मोठा पालट झाला आहे. पूर्वी संशोधक खेड्यातून परते तो भरलेल्या वह्या आणि फार तर चार-दोन ध्वनिफिती घेऊन. आता तो चित्रमुद्रणाची कार्डे घेऊन येतो. चार दिवसांच्या एका दौऱ्यात साठ-सत्तर गिगाबाइट सामग्री सहज जमा होते. ती विभागातील एकाच संगणकावर ठेवणे धोक्याचे असल्यामुळे ती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या संचयकेंद्रात भाड्याने घेतलेल्या जागेत, पाठवावी अशी प्रथा पडली. ती योग्यच आहे. मात्र पाठविणे म्हणजे नेमके काय आणि ते झाले असे केव्हा म्हणावयाचे, याविषयी विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर अध्यापकांच्याही मनात पुरेशी स्पष्टता नसते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

या विषयाकडे माझे लक्ष एका हानीमुळे वळले, ती आरंभीच सांगितलेली बरी. मावळातील एका गावी एका वृद्ध बाईंनी जात्यावरच्या ओव्या आणि त्यांमागच्या हकिकती मिळून सुमारे चाळीस मिनिटांचे कथन केले होते. त्याची चित्रफीत क्लाउडवर चढविण्यात आली, साधनाने काम पूर्ण झाल्याचा निर्वाळा दिला आणि कार्ड पुसून पुढच्या दौऱ्यास देण्यात आले. तीन महिन्यांनी लिप्यंतरासाठी फीत उघडली तेव्हा बाविसाव्या मिनिटानंतर चित्र आणि ध्वनी दोन्ही विस्कटलेले आढळले. मूळ शिल्लक नव्हते. सर्वांनी दोष अपलोडला दिला. तपासाअंती तो तेथे नव्हता असे ठरले. कोठे होता ते कळण्यासाठी आधी अपलोडची यंत्रणा समजून घ्यावी लागेल.

क्लाउड-संचयसेवेत शिरण्यास दोन दरवाजे असतात. एक ब्राउझरचा, तेथे माणूस बटण दाबतो आणि वाट पाहतो. दुसरा एपीआयचा. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी कसे बोलावे याचा करारनामा: विनंतीत काय लिहावे, उत्तरात काय येईल, चूक झाल्यास कोणता क्रमांक मिळेल, हे सर्व त्यात आधीच ठरलेले असते. लहान फाइलीसाठी पहिला दरवाजा पुरतो. फाइल मोठी झाली की दुसऱ्याने जावे लागते, कारण तासन्‌तास चालणाऱ्या कामात चुकल्यास काय करावयाचे हे माणसापेक्षा आज्ञावलीला अधिक चांगले सांगून ठेवता येते. अशा आज्ञावलींपैकी आरक्लोन ही संशोधकांत विशेष रूढ आहे. निक क्रेग-वुड यांनी गो भाषेत तिची रचना केली. तिचे नाव १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी प्रसिद्ध केलेल्या आरसिंक या जुन्या साधनाशी नाते सांगते. संचयसेवांपैकी अ‍ॅमेझॉनची एस३ ही सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली आणि तिचा करारनामा पुढे इतर अनेकांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला. म्हणून पुढील विवेचनात नमुना म्हणून तीच घेतली आहे.

साठ गिगाबाइटची फाइल एका दमात पाठविण्यास काय हरकत आहे? हरकत नियमाची आहे आणि गणिताचीही. नियम असा की एस३ मध्ये एका विनंतीने जास्तीत जास्त ५ गिगाबाइट पाठविता येतात. गणित अधिक उद्बोधक आहे. विभागाच्या जोडणीचा वर जाण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट, म्हणजे अडीच मेगाबाइट धरला, तर ६० गिगाबाइटला २४,००० सेकंद, म्हणजे ६ तास ४० मिनिटे लागतील. आता जोडणी सरासरी दोन तासांतून एकदा तुटते, आणि ती केव्हा तुटेल याचा पूर्वी केव्हा तुटली याच्याशी संबंध नाही, असे समजू. मग एवढा काळ ती अखंड राहण्याची संभाव्यता ई या संख्येच्या उणे ३·३३ घाताइतकी, म्हणजे शेकडा साडेतीनच्या आसपास येते. प्रत्येक वेळी तुटल्यावर मुळापासून आरंभ करावयाचा ठरविल्यास काम पुरे होण्यास सरासरी किती वेळ लागेल? याचे सूत्र अवघड नाही. उत्तर ५४ तास येते. पावणेसात तासांचे काम सव्वादोन दिवसांचे होते. फाइल दुप्पट केली तर हा काळ दुप्पट होत नाही, तो दीड हजार तासांच्या पलीकडे जातो, कारण लांबी येथे घातांकात बसली आहे. एका दमाच्या पद्धतीचे दुखणे हे आहे. वेगवान जोडणी घेतल्याने ते पुढे ढकलले जाते, मुळातून जात नाही.

उपाय अर्थातच तुकड्यांचा. तीच फाइल १६ मेबिबाइटच्या तुकड्यांत विभागली की ३,५७७ तुकडे पडतात. (मेबिबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट. व्यवहारात यालाच पुष्कळदा मेगाबाइट म्हणतात आणि त्यातून हिशेबाचे घोळ होतात. आकडे काटेकोर लागतील तेथे भेद पाळावा.) एक तुकडा जावयास सुमारे पावणेसात सेकंद लागतात. जोडणी तुटली तर त्या क्षणी वाटेवर असलेला तुकडाच वाया जातो. वर धरलेल्या त्याच गृहीतावर सगळ्या फाइलीमागे पुनःप्रेषणाचा अपेक्षित भुर्दंड ११ सेकंदांच्या आसपास येतो. तुटलेली जोडणी पुन्हा लागण्यास जो वेळ लागेल तो निराळा. तो दोन्ही पद्धतींत प्रत्येक खंडामागे भरावा लागतो.

एस३ मध्ये ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात एका वस्तूच्या आकाराची मर्यादा ५ गिगाबाइटवरून ५ टेराबाइटपर्यंत वाढविण्यात आली. दोन्ही गोष्टी लागोपाठ आल्या हे स्वाभाविक होते. पहिलीवाचून दुसरीला अर्थ नव्हता. रीत तीन टप्प्यांची आहे. प्रथम साधन सर्व्हरला कळविते की अमुक नावाची फाइल तुकड्यांनी यावयाची आहे. उत्तरादाखल त्याला एक ओळखक्रमांक मिळतो. मग प्रत्येक तुकडा तो ओळखक्रमांक आणि स्वतःचा अनुक्रमांक घेऊन जातो, आणि प्रत्येकाबद्दल सर्व्हर एक खूण परत देतो. ती त्या तुकड्याची पोच. शेवटी साधन सर्व अनुक्रमांकांची आणि खुणांची यादी पाठवून ‘आता हे जोडा’ असे सांगते. ही अखेरची विनंती मान्य होईपर्यंत त्या नावाची फाइल अस्तित्वातच नसते. अर्धवट फाइल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

अनुक्रमांकाचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. तुकडा पोचला, पण त्याची पोच परत येताना हरवली, असे झाले तर? पाठविणाऱ्याच्या दृष्टीने तुकडाच हरवणे आणि पोच हरवणे यांत काहीही भेद दिसत नाही. त्याला दोन्ही वेळी शांतताच ऐकू येते. अशा वेळी तो तोच तुकडा त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवितो. पहिला पोचला असेल तर दुसरा त्याची जागा घेतो. नसेल तर रिकामी जागा भरतो. परिणाम एकच. एकच कृती कितीही वेळा केली तरी फळ बदलत नाही, अशी रचना असली म्हणजे शंका आल्यास पुन्हा करावे इतका सोपा नियम घालून देता येतो. बँकेच्या खात्यात पैसे भरण्याच्या विनंतीला हा नियम तसाच लावला तर काय अनर्थ होईल याची कल्पना केली, की या गुणाचे मोल कळते.

तुकडा केवढा असावा? एस३ मध्ये शेवटचा सोडून कोणताही तुकडा ५ मेबिबाइटपेक्षा लहान चालत नाही, ५ गिगाबाइटपेक्षा मोठा चालत नाही आणि तुकड्यांची संख्या १०,००० च्या वर जाऊ शकत नाही. विद्यार्थी या तिसऱ्या अटीवर ठेचकाळतात. आरक्लोनमध्ये तुकड्याचा मूळ आकार ५ मेबिबाइट आहे. त्या आकाराने आपल्या ६० गिगाबाइटच्या फाइलीचे ११,४४५ तुकडे होतील, म्हणजे ती बसणार नाही. फाइलीची लांबी आधी माहीत असेल तर साधन आपण होऊन आकार वाढविते. परंतु एखादी आज्ञावली फाइल बांधीत असतानाच ती दुसऱ्या टोकाने क्लाउडवर सोडावी असा बेत केला, तर एकूण लांबी कोणासच ठाऊक नसते. मूळ आकार कायम राहतो आणि सुमारे ४८ गिबिबाइटवर काम अडते. तेही आरंभी नव्हे, अगदी शेवटी, पाच तास गेल्यावर. तेव्हा अशा वेळी आकार स्वतः ठरवून द्यावा. उलट टोकाला जाऊन ५ गिगाबाइटचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा ३३ मिनिटे वाटेवर राहील आणि एकेक खंड अर्ध्या तासापर्यंतचे नुकसान करू शकेल. शिवाय तुकडे स्मृतीत धरावे लागतात: आरक्लोन मुळात चार फायली एकाच वेळी, आणि प्रत्येकीचे चार तुकडे एकाच वेळी पाठविते, तुकडा १६ मेबिबाइटचा असल्यास २५६ मेबिबाइट स्मृती एवढ्यासाठीच लागेल. विभागातील जुन्या संगणकांवर हा विचार करावाच लागतो.

तुकडे एकाच वेळी का पाठवावयाचे, याचे कारण अंतरात आहे. प्रेषक काही मजकूर पाठवितो, पोच येण्याची वाट पाहतो आणि मग पुढचा पाठवितो. पोच येण्यास जितका विलंब तितका वेग कमी. एका वेळी ६४ किलोबाइट वाटेवर सोडण्याची मुभा असेल आणि फेरी २०० मिलिसेकंदांची असेल, तर जोडणी कितीही रुंद असो, सेकंदाला सुमारे ३२० किलोबाइटांपलीकडे जाता येत नाही. आजचे संगणक ही मुभा पुष्कळ वाढवू शकतात. तथापि वाटेत पाकिटे गळू लागली की लांब पल्ल्याच्या जोडणीला सावरण्यास अधिक वेळ लागतो, आणि अशा वेळी चार जोडण्या मिळून एकीपेक्षा पुष्कळ अधिक माल वाहतात. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ साली सुरू झाले. महाराष्ट्रातून काम करणाऱ्याने अमेरिकेतील केंद्राऐवजी ते निवडले तर या अडचणीचा मोठा भाग नाहीसा होतो. आमच्याकडील कित्येकांनी खाते उघडताना जे केंद्र आपोआप पुढे आले तेच ठेवले होते, आणि वेग कमी म्हणून वर्षभर जोडणीला बोल लावला.

गूगल ड्राइव्हने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे तुकडे क्रमानेच जातात. त्यांचा आकार, शेवटचा वगळता, २५६ किबिबाइटच्या पटीत असावा लागतो. प्रत्येक तुकड्यानंतर सर्व्हर ३०८ या क्रमांकाचे उत्तर देतो आणि आपल्याकडे कितव्या बाइटपर्यंत मजकूर पोचला ते सांगतो. जोडणी तुटली तर साधन रिकामी विनंती पाठवून एवढेच विचारते: ‘तुमच्याकडे कोठवर आले?’ उत्तर येते त्याच्या पुढच्या बाइटपासून काम सुरू होते. येथे मला रचनाकारांचा विवेक दिसतो. काय पाठविले याची नोंद पाठविणाऱ्याकडे असते, पण काय पोचले हे घेणाऱ्यालाच ठाऊक. आणि मतभेद झाल्यास घेणाऱ्याचे प्रमाण मानावयाचे. असे सत्र आठवडाभर जिवंत राहते. त्यानंतर मात्र मुळापासून आरंभ.

पुन्हा प्रयत्न केव्हा करावा यालाही शास्त्र आहे. सर्व्हर थकला असता ‘सावकाश’ अशा अर्थाचे उत्तर देतो. त्याच क्षणी सर्वांनी पुन्हा विनंती केली तर तो आणखीच थकेल. म्हणून पहिल्या अपयशानंतर एक सेकंद, मग दोन, मग चार असे थांबत जावयाचे आणि त्यात थोडा यादृच्छिक अंश मिसळावयाचा, म्हणजे सर्वजण एकाच ठोक्याला पुन्हा येत नाहीत. मेटकाफ व बॉग्ज यांनी १९७६ साली ईथरनेटचे वर्णन केले त्यातच ही दुपटीने थांबण्याची कल्पना होती. साधने हे आपोआप करतात. स्वतः आज्ञावली लिहिणाऱ्यांनी विसरू नये एवढेच.

येथवर तुकडे आणि पोच यांचा विचार झाला. आता खरा प्रश्न. सर्व पोचा आल्या, जोडणीची विनंती मान्य झाली, साधनाने ‘पूर्ण’ म्हटले. तेवढ्यावरून कार्ड पुसावे काय?

प्रथम हे पाहावे की ‘मान्य’ हा शब्दही फसवा असू शकतो. एचटीटीपीच्या परिभाषेत २०० हा क्रमांक म्हणजे विनंती सफल. पण हजारो तुकडे जोडण्यास वेळ लागतो, म्हणून एस३ आधी २०० पाठवून जोडणी जिवंत ठेवते आणि नंतर उत्तराच्या अंगात निकाल लिहिते. तो निकाल अपयशाचाही असू शकतो. वरचा आकडा पाहून आतला मजकूर न वाचणारी आज्ञावली येथे फसते. सेवेच्या माहितीपत्रकात ही सूचना स्पष्ट दिलेली आहे. रूढ साधने ती पाळतात. विद्यार्थ्यांनी घाईने लिहिलेल्या आज्ञावली पाळतातच असे नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे अर्धवट सोडलेली अपलोडे. जोडण्याची विनंती कधी गेलीच नाही, तरी आधी गेलेले तुकडे तेथे पडून राहतात. फायलींच्या यादीत ते दिसत नाहीत. भाडे मात्र चालू असते. त्यांची निराळी यादी मागवून ती रद्द करावी लागतात, किंवा अमुक दिवसांनंतर असे तुकडे काढून टाकावेत असा नियम संचयावर घालून ठेवता येतो. हा नियम पहिल्याच दिवशी घालावा.

जोडणी निर्विघ्न झाली तरी प्रत्येक बाइट मुळाबरहुकूम आहे हे कशावरून? याचे उत्तर आपल्या जुन्या अंकगणितात आहे: ताळ्यावरून. गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहण्याची रीत पूर्वी शाळेत शिकवीत. अंकांची बेरीज करीत जाऊन नवाने उरणारी बाकी दोन्हीकडे जुळली की गणित बरोबर. त्या ताळ्याची उणीवही शिकविली जाई: ४,७१६ ऐवजी ४,१७६ लिहिले तरी ताळा जुळतो, कारण बेरजेला क्रमाचे भान नसते. आता नवल असे की आंतरजालावरील प्रत्येक टीसीपी पाकिटासोबत जो १६ बिटांचा ताळा जातो तोही बेरजेचाच आहे. सोळा-सोळा बिटांचे दोन शब्द आपसांत जागा बदलून बसले तर त्यालाही ते कळत नाही. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रत्यक्ष जाळ्यांवरील वाहतूक तपासून असा अंदाज काढला की दर १ कोटी ६० लाख ते १,००० कोटी पाकिटांमागे एक पाकीट बिघडूनही या ताळ्यातून निसटते. आपल्या फाइलीची सुमारे ४ कोटी १० लाख पाकिटे होतात. अंदाजाच्या वाईट टोकाला दोन-तीन पाकिटे, चांगल्या टोकाला जवळजवळ शून्य. आज बहुतेक सर्व वाहतूक सांकेतिक कवचातून होते आणि त्या कवचाचा स्वतःचा कडक ताळा असतो, त्यामुळे वाटेवरची ही गळती बहुतांशी बुजली आहे. पण कवच चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर जे घडते ते त्याच्या कक्षेत येत नाही.

या मुद्द्यावर जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला निबंध सर्वांनी मुळातून वाचावा. टोकापासून टोकापर्यंतच्या तपासणीचा सिद्धान्त त्यांनी त्यात मांडला, आणि त्यासाठी निवडलेले उदाहरण फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एक घटना ते सांगतात. तेथील अनेक स्थानिक जाळी मधल्या संगणकांनी जोडलेली होती आणि एका मधल्या संगणकापासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर ताळा घेतला जाई. त्यामुळे वाहतूक निर्दोष आहे असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात एका मधल्या संगणकात, आलेला मजकूर एका कप्प्यातून दुसऱ्यात घेताना, दर दहा लाख बाइटांमागे सुमारे एकदा बाइटांच्या जोडीची अदलाबदल होत होती. प्रत्येक टप्प्याचा ताळा जुळत होता, कारण बिघाड दोन टप्प्यांच्या मध्ये, कोणाचाच ताळा नसलेल्या जागी होता. एका कार्यप्रणालीच्या मूळ आज्ञावली त्या वाटेने वारंवार नेल्या गेल्या आणि त्यांपैकी काही बिघडल्या. अखेरीस त्यांच्या मालकांना जुन्या छापील प्रती काढून ओळीशी ओळ ताडून पाहत बसावे लागले. लेखकांचे म्हणणे असे की मधल्या टप्प्यांवरच्या तपासण्या वेग वाढवितात, खात्री देत नाहीत. खात्री हवी असेल तर मुळाचा ताळा आणि मुक्कामाचा ताळा यांचीच गाठ घातली पाहिजे.

तुकड्यांच्या अपलोडमध्ये ही गाठ घालणे वाटते तितके सरळ नाही. फाइल एका विनंतीने गेली, तर एस३ तिच्या ईटॅग नावाच्या खुणेत साधारणतः तिचा एमडी५ ताळा देते. (काही प्रकारच्या सांकेतिकीकरणात तोही नसतो.) रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला हा ताळा बत्तीस अंक-अक्षरांचा असतो. तुकड्यांनी गेलेल्या फाइलीच्या खुणेत मात्र बत्तीस चिन्हांनंतर एक आडवी रेघ आणि तुकड्यांची संख्या असते. हा त्या फाइलीचा ताळा नव्हे. प्रत्येक तुकड्याचा ताळा काढून, ते सर्व ताळे एकापुढे एक ठेवून, त्या रांगेचा काढलेला हा ताळा आहे. तुकड्याचा आकार बदलला की तीच फाइल दुसरी खूण दाखविते. आपल्या संगणकावर काढलेला एमडी५ या खुणेशी जुळत नाही म्हणून फाइल बिघडली असे समजून दोनदा अपलोड करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

असे का केले असावे? कारण एमडी५ मध्ये फाइल आरंभापासून क्रमाने वाचावी लागते. दुसऱ्या तुकड्याचे काम पहिल्याच्या अखेरच्या स्थितीवर अवलंबून असते. तुकडे वाटेल त्या क्रमाने येत असता संपूर्ण फाइलीचा ताळा त्यांच्या ताळ्यांवरून बांधता येत नाही. नवाच्या ताळ्यात ही अडचण नसे. ४७ आणि १६ यांच्या बाक्या ठाऊक असल्या की ४,७१६ ची बाकी लगेच सांगता येते. सीआरसी या घराण्यातील ताळे हे बहुपदींच्या भागाकारातील बाक्याच असल्यामुळे त्यांतही तसेच घडते: दोन तुकड्यांचे ताळे आणि दुसऱ्याची लांबी एवढ्यावरून जोडाचा ताळा मिळतो. शिवाय बेरजेच्या ताळ्याला न दिसणारी अदलाबदल यांना दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये एस३ ने नव्या वस्तूंसाठी, ग्राहकाने दुसरा ताळा सांगितला नसल्यास, संपूर्ण फाइलीचा ६४ बिटांचा सीआरसी ताळा ठेवण्यास आरंभ केला त्यामागे हेच गणित आहे. आपल्याकडील मूळ फाइलीचा तोच ताळा काढून दोन्ही ताडून पाहिले की टोकापासून टोकापर्यंतची गाठ पडते, आणि त्यासाठी साठ गिगाबाइट परत उतरवून घ्यावे लागत नाहीत. सीआरसी अपघाती बिघाडासाठी आहे. हेतुपुरस्सर केलेला बदल त्याने कळणार नाही. एमडी५ चाही तो भरवसा शियाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मोडून काढला. त्यासाठी शा-२५६ वापरावा.

आरक्लोन मोठ्या फाइलीबरोबर संपूर्ण एमडी५ एका चिठ्ठीत लिहून पाठविते आणि पुढे पडताळा घेताना ती चिठ्ठी वाचते. सोय चांगली आहे, परंतु ही चिठ्ठी आपणच डकविलेली आहे, सर्व्हरने काढलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. पेटीवर ‘आत बारा ग्रंथ’ असे आपण लिहिले आणि मुक्कामी पोचल्यावर ते वाचले, तर त्याने ग्रंथ मोजले जात नाहीत. महत्त्वाच्या सामग्रीबाबत फाइल पुन्हा उतरवून प्रत्यक्ष मजकूर ताडून पाहण्याची आज्ञाही त्या साधनात आहे. ती वेळखाऊ आहे. काही प्रसंगी वेळ द्यावा.

आता मावळातील फितीकडे वळू. क्लाउडवरील प्रतीचा ताळा आणि विभागातील चकतीवरच्या प्रतीचा ताळा तंतोतंत जुळला. म्हणजे अपलोडने आपले काम चोख केले होते. त्याला बिघडलेली फाइल मिळाली आणि तीच त्याने निष्ठेने पोचविली. बिघाड झाला होता तो कार्डावरून विभागाच्या चकतीवर नकल करताना, एका सदोष कार्ड-वाचकामुळे. तोच वाचक आणि दुसरे कार्ड घेऊन आम्ही पाच वेळा नकल केली, तेव्हा दोन वेळा निराळा ताळा आला. आमचे एक टोक कार्डावर असावयास हवे होते, ते आम्ही चकतीवर धरले होते. सॉल्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला तो मधला संगणक आमच्या टेबलावर, दीडशे रुपयांच्या वाचकाच्या रूपाने बसला होता, आणि ताळा आम्ही त्याच्या पुढच्या टप्प्यापासून घेऊ लागलो होतो.

त्या बाई आता हयात नाहीत. फितीचा पूर्वार्ध शाबूत आहे. उत्तरार्धातील ओव्यांपैकी ज्या सहकारी विद्यार्थिनीने त्या वेळी वहीत टिपून घेतल्या होत्या तेवढ्याच मिळाल्या.

तेव्हापासून विभागात पुढील रीत चालू आहे. मुद्रण संपताच, गावातच, कार्डावरील प्रत्येक फाइलीचा शा-२५६ ताळा लॅपटॉपवर काढून त्याची यादी त्या दिवसाच्या नोंदीबरोबर ठेवावयाची. कार्डावरून थेट वाचताना वाचक सदोष असेल तर हा ताळाच चुकीचा येईल, म्हणून तो दोन निरनिराळ्या वाचकांवर काढावयाचा. दोन्ही जुळले तरच धरावयाचा. चकतीवरील नकल या यादीशी ताडावयाची, नंतर अपलोड करावयाचे. अपलोडनंतर सीआरसी ताळा ताडावयाचा आणि दर दौऱ्यातील एक फाइल, चिठ्ठी उचलून ठरविलेली, परत उतरवून मूळ यादीतील शा-२५६ शी पडताळावयाची. कार्ड पुसण्याचा अधिकार आता मुद्रण करणाऱ्याकडे नाही; यादीवर दोन सह्या झाल्यावर भांडारपाल ते पुसतो. यामुळे प्रत्येक दौऱ्यामागे साधारण एक दिवस अधिक जातो आणि कार्डे पूर्वीच्या दुप्पट संख्येने विकत घ्यावी लागली आहेत. त्या खर्चाची मागणी यंदाच्या अंदाजपत्रकात केली आहे.